खिडकीपुढे न घेतलेलं नाव

३ नोव्हें., सोम.
झोप उडाली आहे म्हणून पूर्वाने पुण्याहून हुकूम सोडलाय. आजपासून बापाची संध्याकाळ शिस्तीत. स्टोइक म्हणून कोणी जुने ग्रीक-रोमन लोक होते, ते असं करत म्हणे. सातला मोबाइल कपाटात. दिवा बारीक. दहा मिनिटं गप्प बसायचं. मग वहीत तीन प्रश्न: आज काय चुकलं, काय बरं केलं, काय राहून गेलं. "बाबा, मन हलकं होतं." पोरी बापाला शिकवायला लागल्या. बरं, शिकू.
प्र. १ – डबा घरीच विसरलो. प्र. २ – सौ.वर चिडलो नाही. प्र. ३ – गॅसचा नंबर लावायचा राहिला.
खरं काहीच लिहिलं नाही.

४ नोव्हें.
दहा मिनिटांतली चार झाली असतील. समोरच्या खुर्चीत ती म्हातारी. मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. डोळे उघडले, खुर्ची रिकामी. सौ. आतून आली, म्हणाली, "काय झालं, घाम काहून आला?" पंखा बंद होता म्हटलं. पंखा फिरत होता.

५ नोव्हें.
खुर्ची उचलून गॅलरीत ठेवली. आता ती रिकाम्या जागेवर बसते.

६ नोव्हें., गुरु.
लिहूनच टाकतो. वही माझी आहे, कोण वाचणार.
दिवाळीच्या आधीचा सोमवार. धंतोलीतल्या आमच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर मी, बावीस वर्षं मीच आहे. समोर पन्नास माणसं. कुहीकडच्या खेड्यातली एक म्हातारी आली. नवऱ्याचं कार्ड घरी राहिलं. कार्ड नसलं की जुनी फाइल नावावरून काढावी लागते. म्हटलं, "पेशंटचं नाव सांगा." ती गप्प. "ह्यायचं कसं घेऊ जी?" मागून लोक ओरडून राहिले. मी म्हणालो, "उखाणा घ्या आजी, मग येईल तोंडातून." सगळी रांग हसली. मीही हसलो. तीसुद्धा हसली थोडी, पदर तोंडावर घेऊन.
"ह्यायले लय दम लागून राहिला, बाहेर बाकावर हायेत." मी म्हटलं, इथे सगळ्यांनाच दम लागतो, आठवलं की या. ती बाजूला बसली. पिशवी मांडीवर.
माझी आई जन्मभर बाबांचं नाव न घेता राहिली. म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही. लिहायला कागद पुढे सरकवला असता, नाहीतर कोणाला बाहेर बाकावर पाठवून त्यांनाच नाव विचारलं असतं, तर दोन मिनिटांचं काम.
तासाभराने गार्ड धावत आला. बाकावरचा माणूस कलंडला होता. तिसऱ्या दिवशी गेला.
डॉक्टर तिला म्हणाले, "लवकर आणायला पाहिजे होतं." ती माझ्या खिडकीपासून चार हातांवर उभी होती. म्हणाली, "हो जी."
माझ्याकडे बघितलंही नाही. मीही बोललो नाही. त्या माणसाचं नाव आता मला पाठ आहे. इथे लिहवत नाही.

९ नोव्हें., रवि.
पूर्वाचा फोन. पुढचा धडा: पानाच्या मधोमध रेघ. एका बाजूला आपल्या हातातलं, दुसऱ्या बाजूला हाताबाहेरचं. हाताबाहेरचं सोडून द्यायचं.
हाताबाहेर: त्याचं हृदय. गर्दी. घरी राहिलेलं कार्ड. कुहीहून लागलेला वेळ. बाजू भरत आली, फार बरं वाटलं.
दुसऱ्या बाजूला एकच शब्द लिहिला: हसलो.
पान फाडलं. मग चुरगळलेलं पुन्हा सरळ करून वहीत ठेवलं.

१२ नोव्हें.
आजचा धडा: आपलं माणूस उद्या नाही असं मनात आणायचं, म्हणजे आज त्याची किंमत कळते. सौ. मेथी निवडत होती. प्रयत्न केला. तिच्याऐवजी मीच बाकावर कलंडलेला दिसलो, आणि सौ. खिडकीशी.
विचारलं, "तुला कोणी माझं नाव विचारलं तर घेशील?"
"घेईन की. पण माझ्या आईनं नसतं घेतलं. जीव गेला असता तरी नसतं घेतलं." आणि मेथीची जुडी माझ्यापुढे टाकली, "रिकामे बसून राहिले तर ही निवडा."
निवडली. दहा मिनिटं त्यातच गेली. म्हातारी आली नाही आज.

१५ नोव्हें., शनि.
डॉक्टरांना चहाच्या वेळी विचारलं, दम लागलेल्या पेशंटला तासाभराच्या उशिराने फरक पडतो का. "कधी पडतो, कधी नाही. कोणाचं काय?" म्हटलं, सहज.
म्हणजे कधीच कळणार नाही. हे तर त्या रेघेच्या कोणत्याच बाजूला बसत नाही.

१९ नोव्हें., बुध.
आली. खरीखुरी. तीच पिशवी. नवऱ्याचे कागद पाहिजे होते, ग्रामपंचायतीत द्यायला. मी उठून उभा राहिलो, नाव न विचारताच रॅककडे वळलो. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, मोठा, स्पष्ट:
"तुळशीराम गोमाजी." आडनावासकट, गावासकट.
रांगेत कोणी हसलं नाही. कागद तिच्या हातात दिले. ती म्हणाली, "तवा घेतलं असतं बाबू, तर वाचले असते. माह्याच जिभेनं मारलं त्यायले."
एवढंच म्हणायचं होतं, नाही आजी, मी. ओठ हलले असतील. मागच्याने विचारलं, "साहेब, एक्स-रे कुठं?" मी बोट दाखवलं. वळलो तोवर ती दाराबाहेर.

सं. सात. दिवा बारीक. जागा रिकामी, कोणी आलं नाही. हे जास्त वाईट.
प्र. १ – तेच. प्र. २ – काही नाही. प्र. ३ –
सौ. येऊन उभी राहिली. "काय लिहून राहिले एवढं रोज?" वही तिच्याकडे दिली. तिने उभ्याउभ्याच सगळी वाचली. मग वही मिटून माझ्यापुढे ठेवली.
"ते ओझं तिच्या मानेवर काहून राहू दिलं तुम्ही?"

२२ नोव्हें., शनि.
तिचा पत्ता फाइलवरून उतरवून घेतला. कुहीची पहिली एसटी किती वाजता, तेही विचारून ठेवलंय. सौ.ने उद्या वाटेसाठी डबा करू का म्हणून विचारलं. अजून हो म्हटलेलं नाही.