राखेनं घासलेली बाटली

प्रिय आप्पा,

काल तुमचं बारावं झालं. आज रडत बसायचं, तर मी ओढ्याच्या काठावरून पळत घरी आले आणि आता लिहायला बसलेय. हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

डोंगरावरची खाण बंद पडली नि तिचं पाणी आपल्या ओढ्यात झिरपायला लागलं. दगड तांबडे झाले, मासे दिसेनासे झाले. मी, तुमची लेक, बेळगावात पाणी तपासते, म्हणून दर सोमवारी तुम्ही ओढ्याचं पाणी बाटलीत भरून बसच्या कंडक्टरकडे देत होता. बाटली तेवढी स्वच्छ धुवा, असं मीच बजावलं होतं.

दर वेळी माझ्या तपासणीच्या कागदावर पाणी चांगलं निघायचं! तुम्ही मात्र फोनवर म्हणायचात, "पाणी आंबट लागतंय गं शोभा. दात शिवशिवत्यात."

मी हसायचे. चिंच खाल्ली असेल म्हणायचे. शेवटी तुम्हीच म्हणालात, "मग कागदच बरोबर असंल. माझी जीभ म्हातारी झाली."

तो कागद बघून सगळी गल्ली ओढ्याचं पाणी पीत राहिली. काल पाहुण्यांनाही आम्ही तेच पाजलं, आप्पा!

आज आईबरोबर घागर भरायला गेले. पिशवीत तपासायच्या पट्ट्या होत्या, एक सहज पाण्यात बुडवली. लालभडक! दुसरीही लाल. आम्ल असल्याशिवाय पट्टी अशी लाल होत नाही. मी तशीच घराकडं पळाले.

घरी येऊन तुमची बाटली शोधली. मोरीत पालथी होती. घागरीतलं पाणी तिच्यात भरून पट्टी बुडवली, तर हिरवी. म्हणजे चांगलं पाणी! एकाच ओढ्याचं पाणी आणि रंग दोन? बाटली उजेडात धरली, तेव्हा बुडाशी पांढुरका थर दिसला.

आईला विचारलं, आप्पा ही कशानं धुवायचे?

"चुलीतल्या राखंनं की. मळकी बाटली पोरीच्या हापिसात कशी धाडायची, म्हणायचे. तोंड बारीक, राख पुरती निघायची न्हाय."

राख आम्ल मारते, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि आपल्या घरात स्वच्छ म्हणजे राखेनं घासलेलं, हे मला जन्मापासून माहीत. तरी बाटली कशानं धुता, हे मी एकदाही विचारलं नाही. बसनं तासाभराचा रस्ता, पण स्वतः ओढ्यावर आले नाही. लाज वाटते मला.

तुमचाही राग येतो, आप्पा. तालुक्याच्या साहेबाशी भांडणारा माणूस माझ्याच कागदापुढं का नमला?

सगळ्यांच्या घागरी ओतायला लावूनच हे लिहितेय. उद्या पंचायतीपुढं उभी राहून सांगणार, चूक माझी. यापुढं दर सोमवारी मी स्वतः ओढ्यात उतरेन, आणि पट्टी काढायच्या आधी काठावरच्या माणसांना विचारेन, पाणी कसं लागतंय?

तुमची जीभ म्हातारी झाली नव्हती, आप्पा.

तुमचं न ऐकलेली,
शोभा