पत्र्यावरचा घास

२ जानेवारी

ती. ताईस,
भोवऱ्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून शिव्या घालू नको, घातल्याच तर हळू घाल, बाबा ऐकतील. तीन नोकऱ्या सोडल्या पण चौथीत चार महिने टिकलोय. बाबांना सांग, भोवरा एका जागी फिरायला लागला.

काम धान्याच्या गोदामात आहे. फिरत्या पट्ट्यावरून पोती जातात, फाटक्या पोत्यातून तांदूळ गळतो, तो मी झाडतो आणि पाखरं हाकतो. झाडलेला तांदूळ मुकादम आम्हाला नेऊ देतो. खोलीत आम्ही दोघंच, मी आणि वस्ताद. वस्ताद म्हणजे वजनकाट्यावरचा म्हातारा. रांधणं त्याचं, भांडी माझी. पाणी दोन जिने चढवून आणायचं म्हणून तो तांदूळ एकदाच धुतो, आणि मी काही बोललो तर म्हणतो की खडे मोजायला तुझे दात आहेत ना.

घरची रीत मोडलेली नाही. खिडकीखाली पत्र्याचं छप्पर आहे, त्यावर पहिला घास ठेवतो. एक लंगडा कावळा रोज येतो. तो शिवला की मग माझं ताट. वस्ताद म्हणतो, पोटाची चावी पाखराच्या चोचीत देणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच बघितला.

आता मुद्द्याचं. गोदामाच्या तुळईवर घुबड राहायला आलंय, पांढऱ्या तोंडाचं. सगळे त्याच्याखालून जायला बिचकतात. मुकादम म्हणतो असलं तोंड मोठ्या साहेबांना दिसायला नको, काढून टाक. शिडी चढायला माझ्याशिवाय कोणी तयार नाही. खरं सांगू, ते मान फिरवून बघतं तेव्हा मीही झाडू टाकून बाहेर पळतो. बाबांना विचारून लवकर कळव.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझा,
भोवरा


१२ जानेवारी

चि. भोवऱ्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं. पाय अजून प्लास्टरमध्येच आहे. कौलं चढवायला या वयात छपरावर गेले कशाला, हे विचारायची सोय नाही. त्यात आता छातीत कफ झालाय. डॉक्टर काळजी नको म्हणतात, म्हणून मी थोडीच करते.

घुबडाला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावून सांगितलंय. ते लक्ष्मीचं वाहन आहे. मी म्हटलं, लोक तर अभद्र मानतात. त्यावर अंथरुणात उठून बसले. म्हणाले, देवांनी वाहनं रूप बघून घेतली असती तर सगळ्यांनी मोरच घेतला असता. विष्णूला गरुड, सरस्वतीला हंस, शनीला कावळा, ज्याला जे कामाचं ते त्यानं घेतलं. लक्ष्मी धान्यात राहते आणि धान्य कोण राखतं ते कळायला छपरावर चाळीस वर्षं काढावी लागतात. मी म्हटलं, हंसाचं भोवऱ्याला सांगू नका, सरस्वतीनं त्याला पाचवीतच उतरवून दिलंय. खूप हसले, मग खूप खोकले.

पत्राखाली सहीऐवजी बाबा चिमणीचं चित्र काढतात, ते या वेळी राहिलं. डोळा लागला होता, उठवावंसं वाटलं नाही.

जेवणाची हेळसांड करू नको. वस्तादांना माझा नमस्कार.
तुझी,
ताई


३० जानेवारी

ती. ताईस,
भोवऱ्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा उशीर झाला होता. मला कुठे दम निघतो? मुकादम रोज बोलायचा, एक दिवस चढलो शिडी. घुबडाला पोत्यात धरलं आणि कालव्यापलीकडे सोडलं. भर उन्हात ते जमिनीवर बसून राहिलं, आणि बघता बघता कावळ्यांनी घेरलं. मी मागे वळून बघितलं नाही. मुकादमानं पाठ थोपटली.

आठवड्यात उंदीर मातले. पोती कुरतडली, तांदूळ दुप्पट गळायला लागला. मग मुकादमानं एक फिकट निळी पावडर आणली. पट्ट्याखाली आणि कोपऱ्यांत मीच टाकली. माणसाला काही होत नाही म्हणाला.

पण मी लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणासाठी. ताई, कावळा शिवत नाही. पहिल्या दिवशी लंगड्यानं चोच लावली, घास टाकला आणि चोच पत्र्यावर घासत उडून गेला. दुसऱ्या दिवशी लांबूनच बघत बसला. आज पाचवा दिवस. घास वाळून खडा होतो, मुंग्यासुद्धा नाहीत.

कावळा केव्हा शिवत नाही हे मला कळतं. तुझ्या पत्राखाली चिमणी नव्हती. बाबा कितीही झोपेत असले तरी चिमणी काढल्याशिवाय पत्र जाऊ देत नाहीत. तू माझ्यापासून काही लपवत असशील तर तुला आईची शपथ आहे. त्यांच्या हातची चिमणी बघेपर्यंत मी भाताला शिवणार नाही. केळी आणि चहावर आहे.

वस्ताद चिडवतो, की बाप धडधाकट असताना सुतक पाळणारा तू पहिलाच. माझ्या वाटचा भातही तोच संपवतो. दोन दिवस त्याच्या हिरड्यांतून रक्त येतंय. म्हणतो दात जायचं वय झालं.

खरं काय ते लिही.
तुझा,
भोवरा


७ फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास,
ताईचे आशीर्वाद.

बाबा जिवंत आहेत. हे पत्र त्यांनीच ओरडून ओरडून लिहून घेतलंय.

तुझं पत्र वाचताना निळ्या पावडरीपाशी आले आणि त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, त्या गाढवाला कळव. कावळा पितरांचा निरोप आणतो हे खरं, पण आधी तो समोरचं अन्न बघतो. माझ्याकडे बघण्याआधी ताटाकडे बघ म्हणावं. तो पाच दिवस पत्र्यावर बसून तेवढंच सांगतोय.

खोलीतला तांदूळ टाकून दे. पाखरं, गुरं कोणाच्या तोंडी लागणार नाही असा पुरून टाक. वस्तादांना त्याच पावली दवाखान्यात ने आणि हिरड्यांचं सांगताना पावडरीचं सांग. वस्ताद हसतील, तू हसू नको.

खाली चिमणी आहे. हात कापतो म्हणून शेपटी लांब झालीय. या वेळी झोप आड आली नाही, स्वतःच कागद ओढून घेऊन काढली.

पोचलं की लगेच कळव, आम्ही दाराकडेच बघतोय.
तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस, ती. बाबांस,
भोवऱ्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र सोळाला मिळालं. वस्ताद चौदाला गेला.

शेवटी नाकातूनही रक्त येत होतं. दवाखान्यात नेईपर्यंत बोलत होता. म्हणाला, तुझ्या बापाची चिमणी आली की मला दाखव, एवढा नाद कशाचा ते बघायचंय. आता ती लांब शेपटीची चिमणी मी कोणाला दाखवू? बाबा गेले समजून मी जेवलो नाही आणि वाचलो. तो माझ्या वाटचं जेवला.

त्याचं इथे कोणी नाही, म्हणून आज घास मी ठेवला. बाहेरून तांदूळ आणला, तीनदा धुतला. लंगडा आला, पण पत्र्याच्या टोकाला बसून राहिला. मी जे जे सुचलं ते कबूल केलं. त्याची कपड्यांची पेटी नीट ठेवीन म्हणालो. कुठलीही नोकरी मध्येच सोडणार नाही म्हणालो. तो हलला नाही.

वस्तादाच्या मनात काय राहिलं असेल ते मला माहीत होतं, तेवढंच मी कबूल केलं नाही. मुकादमानं सकाळी एक कागद दिलाय. त्यावर छापलंय की वस्ताद दारू पिऊन आजारी पडला आणि गोदामात पावडर कधी टाकलीच नव्हती. खाली माझी सही हवी. सही केली तर वस्तादाचा काटा मला देणार. दारू! तो माणूस चहासुद्धा बशीत फुंकून अर्धाच प्यायचा. संध्याकाळी मुकादम कागद न्यायला येतोय, बरोबर दोन माणसं आणीन म्हणालाय.

हे पत्र उलटून बघ. छापील बाजू दिसेल. त्याच कागदाच्या पाठीवर मी हे लिहितोय. दुसरा कागद खोलीत होता, पण मी तो घेतला नाही. आता यावर सही केली तरी मुकादमाला हा कागद कामाचा नाही. हा कागद जपून ठेवा. माझं पुढचं पत्र आलं नाही तर तो घेऊन पोलिसांकडे जा.

हे आत्ता खाली जाऊन टपालपेटीत टाकतो, मुकादम यायच्या आत. खिडकीतून बघितलं, घास अजून तसाच आहे. पण लंगडा एक उडी जवळ आलाय.

बाबा, चुकलो. जवळ घ्याल ना?
तुमचा,
भोवरा