काठावरचे बाबा

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून उभ्यानेच घातला, गोड मानून घे.) तुझा खोकला कसा आहे? इकडे आई बरी आहे, मी मात्र हादरलो आहे.

बाबा गेल्यावर लोक भेटायला येणार म्हणून मी खुर्च्या मागवल्या, पण कोण कोण येणार याची मला काय कल्पना? आपल्या माहितीतले बाबा म्हणजे आधी पोस्टातली नोकरी, मग घड्याळदुरुस्ती, मग नाटकवाल्यांचे टोप, मग मधमाश्यांची पेटी (जिच्यामुळे शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं आणि आईला जरा निवांतपणा मिळाला). टोपवाले आले, रडले. मधवाले बरणी ठेवून गेले. इथवर मी सावरून होतो. मग दारात ओल्या केसांचे आजी-आजोबा येऊन उभे राहिले. पुढे एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, "आम्ही सरांची पोहण्याची तुकडी."

ताई, मी मटकन खाली बसलो. आपले बाबा, ज्यांना गुडघाभर पाण्यात उतरवायला दोन माणसं लागायची, ते पोहणं शिकवत होते? मी आईकडे पाहिलं. ती चहा ओतत म्हणाली, "काठावरून शिकवायचे. आत कुठे उतरायचे?" म्हणजे तिला माहीत होतं. या घरात मलाच कुणी काही सांगत नाही.

खात्री करायला मी तलावावर गेलो. काठावर बाबांचं स्टूल, शिट्टी आणि लांब बांबू होता. मंडळी खरंच पोहतात. पाठीवर तरंगतात, पाय मारतात, पण चेहरा पाण्यात घालून जरा पुढे गेली की घाबरून उभी राहतात, कारण श्वासासाठी मान कशी वळवायची हा धडा राहिला आहे. बाई म्हणाल्या, "सर म्हणाले होते, रविवारी विचारतो, सोमवारी सांगतो. त्यांची मुलगी फार छान पोहायची ना. दर धडा तिलाच फोन करून विचारायचे."

मला पुन्हा बसावं लागलं (स्टूल होतं म्हणून बरं). तूच मागच्या पत्रात चिडून लिहिलं होतंस की बाबा फोनवर तुझी साधी चौकशी करत नाहीत, हात पाण्यात आधी बोटांनी जातो की तळव्याने, असलं काहीतरी विचारत बसतात. सगळ्या उद्योगांसाठी त्यांना वेळ आहे, तुझ्यासाठीच नाही, असंही. अगं, तो अख्खा उद्योगच तुझ्यावर चालला होता. हे ऐकून मी तिथेच रडलो. तुकडीने मला टॉवेल दिला.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांची खोली रिकामी कर म्हणाली होतीस. घड्याळं, टोप बांधून ठेवले आहेत. शिट्टी ठेवता आली नाही, ती तुकडीने माझ्या गळ्यात घातली. दुसरा मास्तर त्यांना नको आहे. मला पोहता येत नाही हे सांगितलं, तर म्हणाले, सरांना तरी कुठे येत होतं?

ता. क. म्हणून या रविवारी बाबांच्या वेळेलाच फोन करतो. तुझी चौकशी आत्ताच वर केली आहे, तेव्हा रागावू नकोस. मान कधी वळवायची, कुठल्या बाजूला, तोंड किती उघडायचं, सगळं सावकाश सांग. आईही ऐकणार आहे. त्या दिवशी चहा ओतताना तिचेही केस ओले होते, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.