शेंदराखालचं साल

तीर्थरूप आईस,
कळंबाहून कैवल्यचा वाकून नमस्कार.

मी सुखरूप आहे. जेवण तर जावयाला मिळणार नाही असं. सकाळी रणधीररावांकडं, संध्याकाळी त्यांचे चुलतभाऊ कृष्णराज यांच्याकडं. फोन घेतला की कोणीतरी शेजारी येऊन बसतं, म्हणून पत्र.

या दोघांच्या घरातल्या जुन्या इटालियन मोटारसायकलचं साल पारखून सांगायचं, एवढंच काम होतं. टाकी मूळची, गिअर उजव्या पायाला, म्हणजे जुनी खरी. पण एकाहत्तर साली यांची वाटणी झाली. गाडी त्याआधीची निघाली तर दोघांची, नंतरची निघाली तर एकट्या रणधीररावांची, असं ठरलंय. साल कळेपर्यंत मला एसटीला सोडायला कोणी तयार नाही.

इंजिन नंबरवर दर खंडेनवमीच्या शेंदराचा थर आहे. वाटणीनंतर दोन्ही घरं एकत्र येतात ती गाडीच्या त्या पूजेलाच. खरवडायला गेलो तर रणधीररावांच्या आई, विठाबाई, म्हणाल्या, "देवानं आपणहून शेंदराची खोळ टाकली तर टाकंल. नख लावायचं न्हाय."

बाबांच्या गोळ्या आणल्यास का? मांजर व्यालं का?

आज चाक पुसताना रिंगवर ठोकलेलं साल दिसलं. "चौऱ्याहत्तर," माझ्या तोंडून निघून गेलं. मागं विठाबाई उभ्या होत्या. गाडी त्यांच्याच मुलाची ठरत होती. त्यांनी शेंदराची वाटी माझ्यापुढं धरली.

मी बोट बुडवलं आणि रिंगवरच्या सालावर फिरवलं, आई. आता कधी निघेन, सांगता येत नाही.

तुझा,
कैवल्य