काकांच्या नावाची बाटली

३ तारीख, सोमवार
नवी नोकरी, नवं घर आणि राहायला स्वतंत्र खोली! इतकी खूश आहे की बॅगसुद्धा अजून उघडलेली नाही. पेशंट म्हणजे काका. जन्मभर रंगांचं दुकान चालवलं, आता यकृताने दगा दिलाय. घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची सून. रोज सकाळी काकांच्या लघवीची बाटली खिडकीच्या उजेडात धरून रंग बघायचा, हे माझं मुख्य काम. फिकट पिवळा असला तर उत्तम, गडद झाला तर पाणी कमी पडतंय. लालसर दिसला तर आधी बीट खाल्लंय का ते विचारायचं, मग रक्ताची शंका घ्यायची. काकांचा रंग मात्र उकळून काळपट झालेल्या चहाचा. त्या रंगाची शेडही काका स्वतःच सांगतात : सागवानी पॉलिश! हसून हसून पुरेवाट झाली.

५, बुधवार
आज डोकं फिरलं. तपासणीला बाटली द्यायची, तर काका अडून बसले. रिपोर्ट वाईट आला की मला दवाखान्यात टाकाल, मी देणार नाही, म्हणे. तिकडे लॅबवाला दारात ताटकळलेला. सूनबाईंनी मला बाजूला घेतलं. सिस्टर, आजच्या दिवस तुमचीच द्या, म्हाताऱ्याच्या जिवाला शांतता मिळेल, म्हणाल्या. मी नाहीच म्हणत होते, पण त्या रडायला लागल्या आणि मी विरघळले. काकांच्या नावाचं लेबल माझ्याच हातांनी चिकटवलं. एवढं शिकून हे दिवे लावले!

७, शुक्रवार
रिपोर्ट स्वच्छ आला, घरात आनंदीआनंद. आणि आज काकांची बाटली खरोखरच फिकट निघाली! औषधं तीच, पथ्य तेच, मग हे झालं कसं? सूनबाई म्हणतात, तुमचा गुण आला, आणखी एक द्या. मी साफ नकार दिला. तरीही दुपारी लॅबवाला बाटली घेऊन गेला. सूनबाईंनी माझ्या बाथरूमचा फ्लश सकाळपासून का बंद ठेवला होता, ते तेव्हा कळलं. संतापाने अंगाची लाही झाली. माझा स्वतःचा रंग आज गडद दिसतोय. पाणी कमी झालं असेल.

९, रविवार
चहा. या वेळी माझा. तांबे भरभरून पाणी प्यायले, काही फरक नाही. डोळेही पिवळे झालेत. डॉक्टर आले आणि काकांची पाठ थोपटून निघाले. मी डोळे दाखवले तर म्हणाले, झोप झाली नसेल. अहो, पिवळे आहेत डोळे, पिवळे! मला इथे पाठवणाऱ्या नर्सिंग एजन्सीकडे रजा मागितली, तर म्हणे आधी रिपोर्ट दाखवा. लॅबवाला म्हणतो, या घरातून एकाच नावाची बाटली न्यायची, दुसरी नाही. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतंय. निघून जायला जिना उतरायला लागले, तर मध्येच पाय गळाले. सूनबाईंनी हाताला धरून वर आणलं. किती प्रेमाने.

१०, सोमवार
पाय सुजलेत. काका खाली फाटक रंगवतायत, गुणगुणत. खिडकीतून त्यांना शिव्या घातल्या. ते वर बघून हसले. तुझी शेड फार छान होती गं पोरी, म्हणाले. होती —

११
समजलं. माझी बाटली त्यांच्या नावाने गेली आणि माझी तब्येत त्यांच्याकडे. मग त्यांची बाटली माझ्या नावाने गेली तर — लॅबवाल्यापुढे हात जोडले, रडले. शेवटी वैतागून म्हणाला, द्या उद्या, पण नाव नीट लिहा.

१२
मिळाली. काकांची, सकाळची, फिकट. सूनबाई अंघोळीला गेल्यात. लॅबवाला खालून हाका मारतोय.
लेबलवर माझं नाव लिहिलं. वाचलं, तर काकांचं.
खोडलं. पुन्हा लिहिलं. काकांचंच —
हात का ऐकत नाही? इथे लिहून बघते आधी. सगळे सिस्टर म्हणतात, पण माझं नाव — आईने ठेवलेलं — येतंय, थांब ना रे, येतंय — माझं नाव