तारा लावायची सात मिनिटं

तीर्थरूप बाबा,

तुम्ही होतात तोवर तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. एकाच घरात राहणाऱ्या बापाला कोण पत्र लिहितं? आज लिहितोय, कारण रविवारी छापून येणारा एक लेख थांबवायचा आहे, आणि का ते आधी तुम्हाला सांगायला हवं.

परवा संपादकांचा फोन आला. "बाबांचं वर्षश्राद्ध ना या आठवड्यात? तुमचा तो व्हायोलिनवाला लेखच पुन्हा टाकू. लोकं आजबी आठवून हसतात!" मी लगेच हो म्हणालो. खरं सांगू? बरंच वाटलं. वीस वर्षं दर आठवड्याला लोकांना हसवून दमलोय आता. एक आठवडा तरी आयता सुटला.

आठवतो ना तो लेख? 'अर्धा तास तारा पिळणे, दहा मिनिटं वाजवणे' असं तुमच्या कारकिर्दीचं वर्णन केलं होतं मी! अख्खं वाशिम हसलं. आई तेवढी चिडली. "काहून रे पम्या, टिंगल करायले तुले बापच भेटला?" तुम्ही चष्मा पुसत एवढंच म्हणालात, "अर्धा घंटा नाई लागत. सात मिनिटं लागतात."

"विनोदात थोडं वाढवून सांगावं लागतं, बाबा."

"असंन," म्हणालात. रागावला का नाहीत? एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं!

टिंगल करण्यासारखं दुसरं कितीतरी होतं की. आठवडाभर शाळेत भूगोल शिकवायचा आणि रविवारी कुणाच्या तरी गाण्यामागे बसायचं, अशी तुमची चाळीस वर्षं गेली. पत्रिकेत तुमचं नाव सगळ्यात खाली, चहापानाच्या जेमतेम वर. एका गावी तर साहेबी वाद्य म्हणून तुमच्यासाठी खुर्ची मांडली होती! तुम्ही ती हळूच बाजूला सारलीत, सतरंजीवर बसलात आणि व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून डोळे मिटलेत. त्या आयोजकांवर लिहायला हवं होतं मी. पण ते माझे वाचक होते.

लेखासोबत फोटो हवा म्हणून काल अनसिंगला मुरलीकाकांकडे गेलो. आयुष्यभर तुमच्या शेजारी बसून तबला वाजवणारा माणूस, फोटो त्यांच्याकडेच असणार. त्यांनी फोटो दिला आणि म्हणाले, "शिरपूरचा कार्यक्रम ध्यानात हाये का तुह्या? तुहा लेख आल्यावरचा."

होता की! मी तिसऱ्या रांगेत होतो. तुम्ही आलात, बसलात आणि खुंटीला हातही न लावता वाजवायला लागलात. मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, लेखाचा उपयोग झाला!

"घरूनच लावून निंगला होता तुहा बाप," काका म्हणाले. "मे मयन्यात, एस्टीत. उनानं चारी तारा सुरातून उतरल्या. म्या म्हनलं, मास्तर, लावून घ्या. तं म्हने, लोकं हासतात गा. दोन घंटे एकबी तार बोटाबिगर मोकळी वाजवली नाई त्यानं. सारे सूर बोटानं दाबून दाबून वर नेले. गवयाच्याबी ध्यानात नाई आलं."

त्यानंतर तुम्ही कार्यक्रम घेणंच सोडलंत. "प्रवास झेपत नाई आता," म्हणालात आणि मला ते खरं वाटलं. लोकांच्या लबाड्या हुडकण्यावर माझं पोट चालतं, बाबा. घरातली एक साधी थाप ओळखता आली नाही.

पण थोडे तुम्हीही चुकलात. सांगायचं तरी! 'पम्या, तुह्या लेखानं माहं वाजवनं बंद पडलं.' एवढंच एक वाक्य. ते मला पेलणार नाही असं वाटलं का तुम्हाला? की माझं हसवणं बंद पडेल म्हणून गप्प राहिलात?

शब्द देतो. उद्या सकाळी पहिला फोन संपादकांना. तो लेख आता कुठेही छापला जाणार नाही, माझ्या पुस्तकातूनही काढतो. जागा रिकामी राहते म्हणाले तर हे पत्र घ्या म्हणेन. त्याआधी आईला वाचून दाखवतो. ती एकदाही हसली नाही, तरच पाठवतो.

तुमचा,
पम्या