डिंकाची काच

१२ डिसेंबर
आले एकदाची! राजुऱ्याहून बसने मूलपर्यंत, तिथून केंद्रप्रमुख प्रवीण सरांची गाडी. आमचं वनौषधी केंद्र म्हणजे जंगलाच्या कडेला चार खोल्या आणि मागे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. लटारूभाऊ इथले जुने शिपाई. सदुसष्ट वर्षांचे, पण माझी पेटी स्वतःच वर नेली. दोन महिन्यांमागे त्यांना एक पायरी चढवत नव्हती म्हणे. "सरच्या औषधानं गुडघ्याचा तरास गेला, बाई. आता धावून राह्यलो मी!"

ते औषध एका झाडाच्या डिंकातलं. उबेत मधासारखं वाहतं, दहा-बारा अंशांवर थिजून स्वच्छ पिवळी काच होते. असं असलं तरच ते अंगात विरघळतं. स्फटिक धरला तर नुसती वाळू. तो धरतो का, हे काचपट्ट्यांवर पाहायचं, हे माझं काम. परवानगी यायची आहे, पण गावातली अकरा माणसं ते घेतातच. दर बुधवारी लटारूभाऊ बाटल्या भरून पोचवतात.

१७ डिसेंबर
एका पट्टीवर पांढरा ठिपका. भिंगाखाली स्फटिकाचं पीस दिसतं, फार सुंदर. लटारूभाऊंनी कुतूहलाने बोट लावून पाहिलं आणि मग बाटल्या भरायला बसले. घट्ट रसात कण हलत नाहीत, म्हणजे गारव्यात वाढ थांबेल. सगळ्या पट्ट्या फ्रीजमध्ये ठेवल्या. ठिपक्याची तेवढी खिडकीत, उन्हात.

१९ डिसेंबर
थंडी वाढली. लटारूभाऊंच्या त्याच बोटाच्या नखाखाली पांढरी रेघ आली आहे. दुखत नाही, रेती भरल्यासारखं वाटतं म्हणाले. भिंग धरलं. तेच पीस.

सर नागपुरात. फोन लागला नाही. मी भाऊंना बोट बर्फात धरायला सांगितलं. गावात आशा कार्यकर्त्या आहेत, इंदुताई, त्यांच्याकडून अकराही घरी निरोप धाडला: असं काही दिसलं तर गार पाण्यात बुडवून ठेवा. भीती वाटली होती, पण उपाय सुचला म्हणून जेवण गेलं.

२० डिसेंबर
सकाळी फ्रीज उघडला. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या. काठापासून काठापर्यंत.

खिडकीतला ठिपका मात्र होता तेवढाच.

म्हणजे उलट आहे. काच व्हायच्या बेताला रस थांबतो आणि स्फटिक धावत सुटतो. वरच्या पृष्ठभागावरून तर फारच — मी धावत व्हरांड्यात गेले. भाऊ बसले होते, हात बर्फाच्या घमेल्यात. पहाटेपासून. मी सांगितलं होतं म्हणून.

कोपरापर्यंत पांढरा.

कोमट पाण्यात धरला. काही होत नाही. एकदा धरलेला स्फटिक वितळायला एकशेतीस अंश लागतात. मीच मोजले होते.

२१ डिसेंबर
लटारूभाऊ गेले. गडचिरोलीच्या दवाखान्यात, दुपारी. छातीपर्यंत आलं होतं. डॉक्टरांनी विचारलं हे काय आहे, मी रसाची बाटली पुढे केली. त्यांच्या बायकोने, सीताबाईंनी, एवढंच विचारलं की बर्फ कोणी सांगितला होता.

मी सांगितलं. मीच.

इंदुताईंचा फोन. भाऊंच्या धावपळीत मी गावातला निरोप फिरवलाच नव्हता. सात जणांना रेघा दिसल्या आहेत. घाबरू नका म्हणाल्या, सगळे मॅडमनं सांगितलं तसंच करून राह्यले.

मी ओरडले. पाणी फेका, शेकोटी पेटवा. मग रेंज गेली —

२२ डिसेंबर, सकाळ
सहा घरं झाली. चौघांचं बोटांवरच थांबलंय, चुलीपाशी बसवलं. दोघांचं — नाही लिहीत.

सातवं घर बुधरीबाईचं, गावाच्या टोकाला. इंदुताई गाडीसाठी फोन करत आहेत. मी इथे, दाराशी. उभ्यानेच लिहितेय.

बुधरीबाई अंगणात, सावलीत. दोन्ही पाय टोपलीएवढ्या मडक्यात. रात्रभर बाहेर ठेवलेलं पाणी.

पाय काढा म्हटलं. हसली. "काऊन, बाई? कायीच दुखून नाई राह्यलं आता."

मी मडकं सरकवायला गेले. सरकेना. पाणी हललंच नाही. लुगडं जरा वर केलं, गुडघ्याच्या वर —

ती अजून हसतेय. मघापासून तशीच —